उतरताना कोसळलेल्या लहान जेट विमानाचा चौकशी अहवाल कसा वाचावा

जळगावच्या विमानतळावर एखादे लहान जेट उतरत असले, की कुसुंब्याजवळच्या रस्त्यावर दुचाकी बाजूला घेऊन पाहणारे दोन-चार जण आजही हमखास दिसतात. पुढे देशात कुठे तसेच विमान उतरताना कोसळल्याची बातमी आली, की त्याच रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत कारण ठरलेले असते. कोणी म्हणतो इंजिन बंद पडले, कोणी म्हणतो वैमानिक नवखा होता, आणि विमानात नेता असेल तर घातपाताचा संशय सर्वांत आधी पोचतो. त्यानंतर काही महिन्यांनी शंभर-दीडशे पानांचा अधिकृत अहवाल प्रसिद्ध होतो, तेव्हा तो वाचायला मात्र कोणीच थांबलेले नसते.

मी जळगावात एका दैनिकाच्या डेस्कवर बरीच वर्षे काम केले. असे अहवाल वाचायची सवय मला उशिरा लागली आणि ती लागल्यावर आपण आधी काय काय छापले होते याची लाज वाटली. अहवाल इंग्रजीत असतो, त्यातील शब्द परके असतात, तरीही पदवीपर्यंत शिकलेल्या कोणत्याही वाचकाला तो समजू शकतो, फक्त तो कोणत्या क्रमाने वाचावा हे ठाऊक असावे लागते. तो क्रम येथे सविस्तर मांडत आहे.

पहिल्या दिवसाच्या बातमीतून काय घ्यावे

अपघाताच्या दिवशीच्या बातम्यांतून कारण शोधू नये, केवळ नोंदी घ्याव्यात. विमानाचा प्रकार, त्याची नोंदणी अक्षरे, विमान कोणाच्या मालकीचे आणि कोण चालवत होते, उड्डाण कोठून झाले, अपघाताची नेमकी वेळ, त्या वेळचे हवामान, धावपट्टीची लांबी आणि विमान धावपट्टीच्या अलीकडे पडले की पलीकडे गेले, एवढ्या गोष्टी एका कागदावर लिहून ठेवाव्यात. यांतील शेवटची नोंद सर्वांत मोलाची असते. धावपट्टीच्या अलीकडे कोसळलेल्या विमानाची कहाणी बहुधा उंची आणि वेग कमी पडल्याची असते, तर पलीकडे घसरत गेलेल्या विमानाची कहाणी बहुधा उंची आणि वेग जास्त राहिल्याची असते. हा नियम नव्हे, पण अहवाल हाती येईपर्यंत कोणते प्रश्न मनात ठेवायचे हे त्यावरून कळते.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान उतरताना धावपट्टीपलीकडच्या दरीत गेले आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. ते लहान जेट नव्हते, पण माझी चूक त्याच दिवसाची असल्याने ती सांगतो. डोंगरमाथ्यावरच्या अपुऱ्या धावपट्टीने घात केला, अशा आशयाचा मथळा मी त्या रात्री दिला होता. चौकशी न्यायालयाचा अहवाल आला तेव्हा कळले, की विमान सुरुवातीपासून फार उंचावर होते, सहवैमानिकाने उतरणे सोडून पुन्हा वर जाण्याविषयी तीनदा सांगितले होते, आणि सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकली ती ५,२०० फुटांच्या आसपास, म्हणजे जेमतेम २,८०० फूट शिल्लक असताना. धावपट्टीपुढे दरी होती हे खरेच होते. पण माझ्या मथळ्याने वाचकाचे लक्ष दरीकडे वळवले आणि ते वळायला हवे होते आधीच्या काही मिनिटांकडे. त्या मथळ्याची दुरुस्ती आम्ही कधी छापली नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार प्राथमिक अहवाल ३० दिवसांत आणि अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत यावा, असा दंडक आहे. भारतात हे काम विमान अपघात तपास ब्युरो करतो. ही यंत्रणा २०१२ मध्ये स्थापन झाली आणि तिचे अहवाल तिच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. प्राथमिक अहवालात कारण दिलेले नसते, केवळ तोवर हाती आलेली माहिती असते, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या बातम्या सावधपणे वाचाव्यात.

उतरण्यामागचे गणित

अहवाल उघडण्यापूर्वी चार गोष्टींची समज पक्की करून घ्यावी, कारण पुढची सगळी वाक्ये त्यांवरच उभी असतात.

पहिली गोष्ट उताराची. उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते, म्हणजे एक सागरी मैल पुढे जाताना सुमारे ३०० फूट खाली. विमानाचा जमिनीवरील वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, घेऊन त्याला पाचाने गुणले, की मिनिटाला किती फूट खाली यायला हवे हे ढोबळपणे मिळते. १२० नॉट असेल तर मिनिटाला ६०० फूट. अहवालात हा आकडा दीड-दोन हजार दिसला, तर त्या ओळीला खूण करावी. मिनिटाला २,००० फूट या गतीने खाली येणारे विमान जमिनीपासून ५०० फुटांवर असेल, तर त्याच्याकडे फक्त १५ सेकंद उरलेले असतात.

दुसरी गोष्ट वेगाची. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणून १२० नॉट म्हणजे ताशी सुमारे २२२ किलोमीटर, सेकंदाला जवळजवळ ६२ मीटर. जळगावची सुमारे १,७०० मीटरची धावपट्टी या वेगाने अवघ्या २७ सेकंदांत संपते. वेग दहा टक्के वाढला तर थांबवायची ऊर्जा वाढते ती २१ टक्क्यांनी, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. थोडा जास्त वेग असलेला बरा, असे कोणी म्हणाले, तर त्याच्यापुढे हा आकडा ठेवावा.

तिसरी गोष्ट स्टॉलची. मोटार चालवणाऱ्या माणसाला स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे वाटते आणि बातम्यांतही तसाच अनुवाद झालेला मी अनेकदा पाहिला आहे. विमानाच्या बाबतीत स्टॉलचा इंजिनाशी थेट संबंध नाही. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्याला हे चटकन कळेल. वारा भरपूर असतो, मांजाही मजबूत असतो, पण कन्नी चुकीची बांधली तर पतंग वाऱ्याला नको तितका आडवा होतो आणि गोते खात खाली येतो. विमानाचा पंखही हवेला एका मर्यादेपलीकडे तिरका झाला, की त्यावरून वाहणारी हवा सुटते आणि तो विमानाला उचलून धरत नाही. वेग कमी होत असताना उंची टिकवण्यासाठी वैमानिक नाक वर ओढत राहिला, तर हीच अवस्था येते. वळताना ती अधिक लवकर येते. तीस अंश कलून वळताना स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्याखाली स्टॉल होतो तो वेग, ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. हजारो फुटांवर स्टॉल झाला तर नाक खाली करून विमान सावरता येते, पण धावपट्टीजवळ त्यासाठी लागणारी उंचीच उरलेली नसते.

चौथी गोष्ट जेट इंजिनाची. मंद फिरणारे जेट इंजिन पूर्ण ताकदीवर यायला काही सेकंद घेते. जमीन समोर दिसू लागल्यावर शक्ती वाढवली, तर ती हाती येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

या चारही गोष्टी एकत्र आल्या, की उतरण्याच्या स्थिरतेचा नियम समजतो. ढगांतून येताना साधारण १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमान धावपट्टीच्या रेषेत, योग्य वेगात, योग्य उतारावर, चाके आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली करता येणाऱ्या पट्ट्या) ठरलेल्या स्थितीत असले पाहिजे. यांतील एकही गोष्ट नसेल तर उतरणे सोडून पुन्हा वर जावे. त्याला गो-अराउंड म्हणतात. मराठी बातम्यांत त्याचे वर्णन ‘उतरण्याचा प्रयत्न फसला’ असे करतात, ते फार चुकीचे आहे, कारण त्या क्षणी वैमानिकाने अगदी बरोबर निर्णय घेतलेला असतो.

जमिनीपासून मागे वाचत जाणे

माझा आग्रह असा, की अहवालातील उड्डाणाचा वृत्तांत एकदा सरळ वाचावा आणि नंतर शेवटापासून मागे वाचत यावा. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारावा: येथून वर जाता आले असते का, आणि आले असते तर ते का गेले नाहीत? अमेरिकेतील एक अपघात घेऊन हे करून पाहू, कारण त्याची चौकशी अतिशय बारकाईने झालेली आहे.

१० नोव्हेंबर २०१५ रोजी ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन येथे हॉकर जातीचे एक चार्टर, म्हणजे भाड्याने घेतलेले, जेट उतरत असताना धावपट्टीच्या अलीकडे निवासी इमारतीवर कोसळले. दोन वैमानिक आणि सात प्रवासी असे नऊही जण गेले. इमारतीत त्या वेळी कोणी नव्हते.

शेवटापासून सुरू करू. विमान स्टॉल होऊन कोसळले. त्याच्या अगोदर काय होते? ते ठरलेल्या किमान उंचीच्या खाली आले होते आणि धावपट्टी अजून दिसलेली नव्हती. ढगांतून अशा रीतीने उतरताना एक किमान उंची ठरलेली असते, तेथे पोचल्यावर धावपट्टी दिसली नाही तर वर जायचे असते. येथे वर जाता आले असते, हा एक मुद्दा झाला. त्याच्याही अगोदर पाहावे. विमान मिनिटाला सुमारे २,००० फूट या गतीने खाली येत होते आणि कॅप्टनने सहवैमानिकाला ते बोलूनही दाखवले होते. येथेही वर जाता आले असते. आणखी मागे गेल्यावर दिसते, की वेग सतत कमी होत होता. कॅप्टनने असा वेग कमी करत राहता येणार नाही, विमान स्टॉल होईल, असे सांगितले, पण नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. त्यामागे फ्लॅपची गोष्ट आहे. उतरणे निश्चित होईपर्यंत पूर्ण फ्लॅप खाली करायचे नाहीत, अशी कार्यपद्धती असताना ते आधीच पूर्ण खाली केले गेले, त्यामुळे हवेचा अडथळा वाढला आणि वेग झपाट्याने गळू लागला. त्याच्याही मागे, पुढे एक संथ प्रशिक्षण विमान उतरत असल्याने आपण त्याच्या फार जवळ जाऊ, ही सहवैमानिकाची काळजी होती.

कॉकपिटमधील बोलणे टिपणाऱ्या व्हॉइस रेकॉर्डरची प्रतिलिपी वाचताना हा भाग माझ्याने एका बैठकीत वाचवला नाही. धोका ओळखलेला होता, तो शब्दांत सांगितलाही जात होता, आणि तरीही दोघांपैकी कोणीही वर जाऊ या, असे म्हणत नव्हता. जो माणूस धोका सांगतो त्यानेच तो टाळण्यासाठी हात पुढे करायला हवा होता, पण तो शिक्षकाच्या भूमिकेत अडकून राहिला.

येथवर वाचून ‘वैमानिकांची चूक’ असे लिहून अहवाल मिटणारे वाचक फार आहेत. त्यांनी आणखी मागे जावे, विमान जमिनीवर उभे असतानाच्या काळात. दोन्ही वैमानिकांना आधीच्या नोकऱ्यांतून कमी करण्यात आले होते, कंपनीने त्यांच्या पूर्वीच्या कामगिरीची नीट तपासणी केलेली नव्हती, प्रशिक्षण तोकडे होते, प्रवासी असताना कॅप्टननेच विमान चालवावे हा कंपनीतील प्रघात त्या दिवशी पाळला गेला नाही, आणि ज्या सरकारी यंत्रणेने या कंपनीवर लक्ष ठेवायचे होते तिचेही लक्ष पुरेसे नव्हते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने संभाव्य कारण म्हणून वैमानिकांनी उतरणे नीट हाताळले नाही असे लिहिले आणि त्याला हातभार लावणारे घटक म्हणून कंपनीची बेफिकिरी व सरकारी देखरेखीतील कमतरता यांची नोंद केली. ‘संभाव्य कारण’ आणि ‘हातभार लावणारे घटक’ हे दोन्ही भाग एकत्र वाचल्याशिवाय बातमी लिहू नये.

कोणाला पोचायची घाई होती

लहान जेट आणि मोठे प्रवासी विमान यांत एक फरक फार महत्त्वाचा आहे. मोठ्या विमानातला प्रवासी वैमानिकाला ओळखत नाही. लहान जेटमध्ये विमान ज्याने भाड्याने घेतले आहे, तो वैमानिकाच्या पाठीमागे चार-सहा फुटांवर बसलेला असतो, आणि तो कोणी साधा माणूस नसतो.

२९ मार्च २००१ रोजी कोलोरॅडो राज्यातील अ‍ॅस्पेन येथे गल्फस्ट्रीम जातीचे जेट रात्री डोंगराळ भागात उतरताना कोसळले आणि त्यातील सर्व १८ जण मृत्युमुखी पडले. अहवालातील वेळापत्रक पेन्सिल घेऊन वाचावे. प्रवासी उशिरा आल्याने विमान उशिरा निघाले. अ‍ॅस्पेनला सूर्यास्तानंतर ठरावीक वेळेपुढे उतरण्यास बंदी होती, त्यामुळे वेळ हातातून निसटत चालला होता. आधीच्या काही विमानांना धावपट्टी न दिसल्याने परत फिरावे लागले होते. या सगळ्यात कॉकपिटमधील जास्तीच्या आसनावर एक प्रवासी येऊन बसला होता. तो काही बोललाच पाहिजे असे नाही, त्याचे तेथे असणेच पुरेसे होते. त्याच सुरक्षा मंडळाने मुख्य कारण लिहिले ते असे, की धावपट्टीची कोणतीही खूण न दिसता विमान किमान उंचीखाली नेण्यात आले. परंतु त्यासोबत, विमान भाड्याने घेणाऱ्याकडून कॅप्टनवर आलेला उतरण्याचा दबाव, उशीर आणि रात्रीची बंदी यांचीही नोंद केली. रात्रीच्या निर्बंधाची सूचना संदिग्ध शब्दांत लिहिलेली होती, हेही नमूद केले.

आपल्याकडील वाचकाला हा भाग परका वाटू नये. प्रचाराच्या दिवसांत जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये एका दिवसात तीन-चार सभा ठरलेल्या असतात, मंडपात लोक दोन-दोन तास बसून असतात, आणि लग्नाचा मुहूर्त कोणासाठी थांबत नाही. ‘साहेबांना पोचायचंच आहे’ हे वाक्य मी स्वतः पत्रकार म्हणून अनेक हेलिपॅडवर ऐकलेले आहे. म्हणून अशा अपघाताचा अहवाल हाती आला, की त्या दिवसाचे नियोजित आणि प्रत्यक्ष वेळापत्रक शेजारी-शेजारी मांडावे, किती मिनिटे उशीर झाला ते काढावे, आणि मार्ग बदलून दुसऱ्या विमानतळावर जाण्याचा विचार कोणी, केव्हा बोलून दाखवला ते शोधावे.

मात्र दबाव नेहमी प्रवाशांकडूनच येतो असे धरून चालू नये. १५ मे २०१७ रोजी न्यू जर्सीतील टेटरबोरो येथे कोसळलेल्या लिअरजेट ३५ए मध्ये एकही प्रवासी नव्हता, केवळ दोन वैमानिक होते आणि दोघेही दगावले. फिलाडेल्फियाहून तेथवरचे अंतर अगदी थोडे होते. ज्याला विमान हाताळण्याची परवानगी नव्हती तो सहवैमानिक बराच वेळ ते चालवत होता, उतरण्याची पूर्वतयारी नीट झाली नव्हती, वळण उशिरा घेतले गेले, वारा सोसाट्याचा होता, आणि बिघडलेले उतरणे सावरू पाहताना विमान वळणातच कमी उंचीवर स्टॉल झाले. स्टॉलचे वळणातील आकडे वर दिले आहेत, ते हा अहवाल वाचताना जवळ ठेवावेत.

अहवालाची प्रकरणे आणि आपला मुलूख

अहवालाची मांडणी जगभर बहुतांशी सारखी असते. पहिले प्रकरण वस्तुस्थितीचे, दुसरे विश्लेषणाचे, तिसरे निष्कर्षांचे आणि चौथे शिफारशींचे. पहिल्या प्रकरणाला पोटक्रमांक असतात. १.१ मध्ये उड्डाणाचा वृत्तांत, १.५ मध्ये वैमानिकांची माहिती, १.७ मध्ये हवामान, १.१० मध्ये विमानतळ, १.११ मध्ये रेकॉर्डर आणि १.१७ मध्ये कंपनीचा कारभार. वेळ कमी असेल तर १.१, १.७, १.१० आणि १.१७ वाचून थेट विश्लेषणावर जावे. केवळ निष्कर्षांचे पान वाचणे म्हणजे न्यायालयातील युक्तिवाद न ऐकता निकाल ऐकण्यासारखे आहे.

वेळेबाबत सावध राहावे. अनेक अहवालांत वेळा जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्यांत साडेपाच तास मिळवल्यावर आपली वेळ मिळते. हे न केल्यामुळे सकाळचा अपघात पहाटेचा झाल्याची बातमी मी वाचलेली आहे. वाऱ्याची दिशा लिहिलेली असते ती वारा जिकडून येतो ती, जिकडे जातो ती नव्हे. धावपट्टीच्या क्रमांकाला दहाने गुणले, की ती कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते अंशांत कळते: २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. या दोन आकड्यांवरून वारा समोरून होता, पाठीमागून होता की बाजूने, हे स्वतः काढता येते. विमान समोरच्या वाऱ्यात उतरलेले बरे, कारण पाठीमागचा वारा जमिनीवरचा वेग वाढवतो आणि धावपट्टी आखूड करून टाकतो.

दृश्यमानतेचा आकडाही मीटरमध्ये पाहावा. १४ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबईत मुसळधार पावसात लिअरजेट ४५ उतरताना धावपट्टीवरून बाहेर गेले आणि त्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा दृश्यमानता ७०० मीटर होती. सुदैवाने आठही जण वाचले. मुंबईला उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय आहे. लहान गावच्या धावपट्टीवर ती बहुधा नसते आणि वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागते. म्हणून १.१० वाचताना तेथे कोणती साधने होती आणि हवामान मोजणारे कोण होते, हे दोन प्रश्न टाळू नयेत.

खान्देशातील वाचकाने यात स्वतःच्या हवेची भर घालून वाचावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या हवेची घनता १५ अंशांच्या हवेपेक्षा नऊ-साडेनऊ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे वेगमापकावर तोच आकडा दिसत असताना विमान प्रत्यक्षात सुमारे पाच टक्के जास्त वेगाने धावपट्टीला टेकते आणि थांबवायची ऊर्जा दहा टक्क्यांनी वाढते. वर जाताना इंजिनही त्या हवेत कमी जोर देते. रावेर आणि यावल पट्ट्यात मे-जूनमध्ये दुपारनंतर जे वादळ उठते, अर्ध्या तासात कापणीला आलेली केळीची बाग झोपवते, त्यात ढगातून खाली आदळणारा थंड वारा असतो. जमिनीवर आदळून तो चहूकडे पसरतो. उतरणारे विमान त्यात शिरले तर आधी समोरचा वारा मिळून वेग वाढल्यासारखा दिसतो, वैमानिक शक्ती कमी करतो, आणि काही सेकंदांत तोच वारा पाठीमागून येऊन वेग काढून घेतो. ज्या शेतकऱ्याने आपली बाग एकाच वेळी दोन दिशांना आडवी झालेली पाहिली आहे, त्याला वाऱ्याच्या या आकस्मिक बदलाची कल्पना वेगळी द्यावी लागत नाही.

चौथ्या प्रकरणाकडे बातमीदार सहसा फिरकत नाहीत आणि ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते. त्यात कोणत्या यंत्रणेने काय बदलावे ते लिहिलेले असते. अहवाल आल्यावर सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने ती शिफारस अमलात आली का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. चौकशीचा हेतू दोषी ठरवणे नसून पुढचा अपघात टाळणे हा आहे, असे प्रत्येक अहवालाच्या आरंभी लिहिलेले असते, म्हणून त्या हेतूचे काय झाले ते विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

अपघात आपल्याच शिवारात झाला तर

कुसुंबा, धुळ्याजवळचे गोंदूर आणि शिरपूरजवळचे तांडे या धावपट्ट्यांमुळे आपल्या डोक्यावरून लहान विमाने जात-येत असतात. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या प्रशिक्षण संस्थेचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. ते जेट नव्हते आणि उतरतही नव्हते, पण प्रशिक्षक वैमानिक जागीच गेले आणि जखमी प्रशिक्षणार्थी मुलीला आदिवासी ग्रामस्थांनी लुगड्याची झोळी करून डोंगरातून खाली आणले. माणसे वाचवणे हे पहिले काम त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्यानंतरचे काम मात्र शिकून घेण्यासारखे आहे. जखमींना काढण्यासाठी लागेल तेवढेच अवशेष हलवावेत, बाकी एक तुकडाही जागचा हलवू नये, कारण चाके खाली होती का, फ्लॅप किती होते, पंख कोणत्या कोनात झाडाला लागला, हे सगळे त्या तुकड्यांच्या जागेवरून वाचले जाते. ब्लॅक बॉक्स काळा नसून भडक नारिंगी असतो, तो दिसला तरी उचलू नये, पोलिसांना दाखवावा. इंधनाचा वास येत असेल तर बिडी-काडी आणि मोटारी दूर ठेवाव्यात.

आपण विमान पडताना पाहिले असेल, तर शेजाऱ्यांशी बोलण्याआधी जे दिसले ते लिहून काढावे, कारण एकदा चारचौघांत चर्चा झाली की दुसऱ्याने पाहिलेले आपण पाहिल्यासारखे वाटू लागते. आपण कोठे उभे होतो, घड्याळात किती वाजले होते, आवाज आधी आला की विमान आधी दिसले, आवाज एकसारखा होता की वाढला-थांबला, पंख कोणत्या बाजूला झुकला होता, नाक वर होते की खाली, धूर अथवा ज्वाळा जमिनीला लागण्याआधी दिसल्या की नंतर, हे साध्या शब्दांत लिहावे. शेवटचा प्रश्न तपास अधिकारी हमखास विचारतात, आणि आग नंतर लागलेली असतानाही आधी पाहिल्याचे प्रामाणिकपणे सांगणारे साक्षीदार बरेच असतात. मोबाईलवर चित्रीकरण झाले असेल, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की त्याचा दर्जा उतरतो आणि मूळ वेळेची नोंद जाते. म्हणून मूळ फाइल फोनमध्येच तशीच ठेवावी, आपण उभे होतो त्या बांधावर अथवा झाडापाशी खूण करून ठेवावी, आणि तपास पथक आल्यावर त्यांना त्या जागी घेऊन जावे.